भावाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात की नुसतं समुपदेशन पुरे?

अबोली_७ | सोमवार, रात्री ११:१४

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २६. मुंबईत नोकरीला होता, तिथे गर्दच्या (हेरॉइनच्या) नादी लागला. आम्हाला कळेपर्यंत तीन वर्षं उलटली होती. दोनदा एका निवासी केंद्रात ठेवलं (जिल्ह्याबाहेर, नाव नको). दोन्ही वेळा अंगाने भरून, गालांवर तुकतुकी घेऊन परत आला आणि महिना व्हायच्या आत ये रे माझ्या मागल्या. दुसऱ्या खेपेला बाबांचं घड्याळही गेलं.

आता नाशिकमध्येच एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेतो. त्यांनी ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन एकत्र असलेली गोळी सुरू केलीय. २ मिलिग्रॅमच्या चार, जिभेखाली ठेवायच्या. शिवाय आठवड्यातून एकदा त्यांच्याच दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे पाऊण तास. साडेतीन महिने झाले, गर्द नाही. लघवीच्या तपासण्या व्यवस्थित. सातपूरला एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागलाय.

अडचण आहे ती घरात. मोठे काका म्हणतात, "दारू सुटावी म्हणून ताडी पाजताय." जुन्या केंद्रातल्या गृहस्थांचा फोन येतो, "गोळी म्हणजे पांगुळगाडा. बंद करा आणि इकडे पाठवा, आम्ही बोलून सरळ करतो." आणि आई. सकाळी गोळी जिभेखाली असते तेव्हा त्याला दहा मिनिटं तोंड उघडता येत नाही. ती नेमकी तेव्हाच विचारते, "रात्री भात लावू का?" हा हाताने खुणा करतो. तिला वाटतं, हा नशेतच आहे.

डॉक्टर म्हणतात, वर्षभर तरी गोळी बंद करायचा विषय काढू नका. मला विचारायचंय ते हे, की दोन्ही हवंच का? एकावर भागत असेल तर कशावर?

ता. क. किरकोळ गोष्ट. पगार घरी देतो, वेळेवर येतो, पण डबा पुष्कळदा न उघडता परत आणतो. विचारलं की चिडतो. आई म्हणते गोळीने भूक मेली. असं होतं का?

खडूस_काका | सोमवार, रात्री ११:४०

तुमच्या काकांशी सहमत. नशा ती नशा, सरकारी शिक्का मारला म्हणून तिचं औषध होत नाही. आमच्या गल्लीत एकाला बापाने आठ दिवस खोलीत कोंडला होता. ओरडला, रडला, आज त्याचं स्वतःचं हार्डवेअरचं दुकान आहे. हल्ली सगळ्याला गोळी.

टवाळ_टाळ | सोमवार, रात्री ११:५२

काका, रक्तदाबाची गोळी घेतली का आज? नाही, सहज विचारलं. दिवे घ्या (हलकं घ्या).

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

खडूस_काका | सोमवार, रात्री ११:५५

घेतली. तिच्यासाठी मी कुणाचं घड्याळ विकत नाही.

न्यूजर्सीची_सून | मंगळवार, सकाळी ६:२०

अबोली, आधी एक सांगते, तुझ्या भावाचे साडेतीन महिने ही फार मोठी गोष्ट आहे.

मी इथे इस्पितळात आपत्कालीन विभागात नर्स आहे. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून जास्त माणसं गेली, बहुतेक फेंटानिलने (हेरॉइनहून कितीतरी जहाल). हीच गोळी इथे २००२ साली मंजूर झाली. पण ती लिहून द्यायला डॉक्टरला वेगळा परवाना लागायचा. म्हणजे व्यसन लावणारं वेदनाशामक कुणीही लिहावं आणि ते सोडवणारं लिहायला परवानगी मागावी! ती अट सुटायला २०२२चा डिसेंबर उजाडला. आता आमच्याकडे अतिमात्रेचा रुग्ण शुद्धीवर आला की पुष्कळदा त्याच रात्री ही गोळी सुरू करतो. समुपदेशनाची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळते. तोवर माणूस टिकला पाहिजे ना.

भूक मरण्याबद्दल: बद्धकोष्ठ मात्र हमखास. इसबगोल, पाणी, पालेभाज्या. आणि दातांची काळजी घ्यायला सांग. गोळी पूर्ण विरघळली की चूळ भरायची आणि ब्रश तासाभराने. २०२२ साली इथल्या औषध प्रशासनाने तसा इशाराच दिला होता.

मनोवैद्य | मंगळवार, सकाळी ९:०५

व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ आहे. इथे कुणाला डोस सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण "ताडी पाजताय" हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकतो, तेव्हा थोडं लिहितो.

गर्द, म्हणजे हेरॉइन, मेंदूतल्या ज्या कुलपांत जाऊन बसतं, त्याच कुलपांत ब्युप्रेनॉर्फिन बसतं. पण ही किल्ली अर्धीच फिरते. टर्की (नशा तुटल्यावर होणारा अंगाचा त्रास) थांबते, तलफ उतरते, मात्र 'किक' बसत नाही. ठरावीक मात्रेनंतर गोळ्या वाढवल्या तरी परिणाम फारसा वाढत नाही, म्हणून श्वास बंद पडायचा धोका खूप कमी. तरी ती दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतली तर मात्र जिवावर बेतू शकतं. शिवाय ही किल्ली कुलपात इतकी घट्ट बसते की वरून गर्द ओढली तर पैसे वाया. सोबतचं नॅलोक्सोन जिभेखालून जवळजवळ शोषलंच जात नाही. ते एवढ्याचसाठी, की कुणी गोळी पाण्यात विरघळवून शिरेत टोचायला गेला तर टर्की येऊन पस्तावेल.

नशा आणि औषध यांतला फरक काकांना असा सांगा: गर्दवाल्याचा दिवस चार-सहा तासांच्या तुकड्यांचा असतो. पुडी, ओढणं, उतरणं, पैसे शोधणं, पुन्हा पुडी. गोळीवाल्याचा दिवस चोवीस तासांचा असतो. त्यात सातपूरची नोकरी बसते.

"नुसतं बोलून सरळ करू" याविषयी स्वीडनमधला एक अभ्यास आहे, २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. हेरॉइनचे ४० रुग्ण. निम्म्यांना वर्षभर रोज १६ मिलिग्रॅम ब्युप्रेनॉर्फिन. उरलेल्यांना सहा दिवसांत औषध उतरवत नेऊन पुढे खोट्या (औषध नसलेल्या) गोळ्या. समुपदेशन मात्र दोन्ही गटांना सारखंच, आणि भरपूर. वर्षअखेर औषधाच्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकून होते. खोट्या गोळ्यांच्या गटातला एकही नाही. त्या वीस जणांतले चौघे दगावले होते.

वीसात चार. समुपदेशनात काही कसूर नव्हती.

एक_आई | मंगळवार, सकाळी ११:३१

माझा मुलगा केंद्रातून घरी आला. श्रीखंड केलं होतं. चौथ्या दिवशी गेला. नंतर डॉक्टर म्हणाले, अंगाची सवय मोडलेली असते आणि मुलं पूर्वीएवढीच घेतात. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. गोळी वगैरे तर नावही ऐकलं नव्हतं.

अबोलीताई, त्याला खुणा करू द्या.

टवाळ_टाळ | मंगळवार, सकाळी ११:४४

ताई, __/\__. पॉपकॉर्नचं वाक्य मागे घेतो.

सुटलेला_एकदाचा | मंगळवार, दुपारी १:१०

वरच्या माउलीला नमस्कार. तरी माझी बाजू मांडतो, कारण इथे एकाच सुरात भजन चाललंय.

मी नव्वदच्या दशकातला गर्दुल्ला. माहीम-माटुंग्याच्या रुळांलगत पन्नीवर चेस करत चार वर्षं काढली. चेस म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चांदीच्या कागदावर पावडर, खालून काडी, धूर पळतो त्याच्या मागे तोंडातली नळी घेऊन पळायचं. टर्की सहादा काढली. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब, पाय आपोआप झाडले जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाटतं कुणीतरी हाडं पिळतंय. तेव्हा आम्हाला असली गोळी कुणी दिली नाही. गटात बसलो, बोललो, रडलो, घरच्यांची माफी मागितली. सव्वीस वर्षं झाली.

अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण काढलं ते याच गर्दच्या लाटेत. त्या काळी एवढ्या घरांना आधार मिळाला तो माणसांनी माणसांशी बोलूनच ना? गोळी घेणाऱ्याने स्वतःला 'सुटलो' म्हणावं का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. बस्स.

गोळीवाला | मंगळवार, दुपारी २:०२

@सुटलेला_एकदाचा, दादा, तुमच्या सव्वीस वर्षांना सलाम. पण तुमच्याबरोबर त्या रुळांवर अजून किती जण होते? त्यांतले आज किती आहेत?

मी चार वर्षं गोळीवर आहे. रिक्षा चालवायचो, आता दोन रिक्षा आहेत. मुलीला शाळेत सोडतो. तुमच्यासारख्यांच्याच एका मीटिंगला जायचो. गोळी घेतो म्हटल्यावर सांगितलं, बसा, पण बोलू नका. कोपऱ्यात बसून चहा पिऊन यायचो. एके दिवशी तेही सोडलं. टर्कीपेक्षा ते वाईट होतं.

सुटलेला_एकदाचा | मंगळवार, दुपारी ३:४७

जे होते त्यांतले बहुतेक नाहीत.

तासभर विचार करून लिहितोय. मीटिंगमध्ये तुला गप्प बसवलं ते चूकच. आमच्याकडे ये. मी बोलायला लावतो.

इतिहासाचा_कीडा | मंगळवार, संध्याकाळी ५:१५

अवांतर: आपल्याकडे अफू काही नवी नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, त्या व्यापारावर मुंबईतल्या कितीतरी मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतला मोठा वाटा त्याच व्यापाराचा. आणि गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना 'बाळागोळी' देऊन झोपवायच्या. अफूच असायची त्यात. आई पाळीवर, पोर गुंगीत.

खडूस_काका | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

म्हणजे तेव्हाही गोळीच! माझा मुद्दा सिद्ध.

इतिहासाचा_कीडा | मंगळवार, संध्याकाळी ५:३३

काका, त्या पोराला पाळणाघर मिळालं असतं तर गोळी लागली नसती, हा खरा मुद्दा. असो. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

पंजाबातली_मराठी | मंगळवार, रात्री ९:४८

नवऱ्याच्या नोकरीमुळे आठ वर्षं पटियाळ्याला आहे. गोळी भरपूर आणि बोलणं कमी असलं की काय होतं ते इथे दिसतं, म्हणून लिहिते.

पंजाब सरकारने २०१७च्या ऑक्टोबरात बाह्यरुग्ण केंद्रं सुरू केली. हीच ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची गोळी, भरती व्हायची गरज नाही. सुरुवातीला रोज यायचं आणि समोर गोळी घ्यायची. २०२० मध्ये करोना आला तेव्हा काही दिवसांच्या गोळ्या एकदम घरी द्यायला लागले. रोज रोजी बुडवून रांगेत उभं राहायला नको, म्हणून लोक टिकले. आमच्या कामवाल्या बाईंचा नवरा त्यातलाच, आता मंडईत हातगाडी लावतो.

पण केंद्रात गर्दी एवढी की समुपदेशक दोन मिनिटांत "ठीक हो ना?" विचारून पुढच्याला हाक मारतो. कुणी अर्ध्या गोळ्या बाहेर विकतो. कुणी सहा महिन्यांनी कंटाळून सोडून देतो, त्याला थांबवणारं कुणी नसतं. याच बाईंचा दीर. गोळी वेळेवर घ्यायचा, पण दिवसभर करायचं काय ते कुणी विचारलंच नाही. पुन्हा त्याच टोळक्यात.

गोळीने हेलपाटे थांबले, हे खरं. मोकळा झालेला वेळ कुठे घालवायचा हे गोळी सांगत नाही.

पांडुरंग_फार्मसी | मंगळवार, रात्री १०:२०

सर्वांच्या माहितीसाठी: ही गोळी साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, व्यसनमुक्तीची सोय असलेल्या दवाखान्यातूनच मिळते. सुईने घेणाऱ्यांसाठी एड्स नियंत्रण कार्यक्रमातून सरकारी केंद्रांत नुसतं ब्युप्रेनॉर्फिन फुकट देतात. तिथे नर्स समोरच चुरा करून जिभेखाली ठेवते, म्हणजे कुणी गालात लपवून बाहेर विकू नये.

नॅलट्रेक्सोन नावाची गोळी वेगळी. ती कुलपालाच बूच लावते. कुणी गर्द घेतली तरी काही जाणवत नाही. ती सुरू करायला आधी सात-दहा दिवस अंगात अफूजन्य काहीच नको, नाहीतर टर्की अशी उसळते की विचारू नका. घरचे म्हणतात, "हीच द्या, हिच्यात नशा नाही." पण लोक ती घ्यायचंच सोडून देतात, आणि मग वर त्या माउलींनी लिहिलंय तो धोका, सवय मोडलेलं अंग.

आणि ट्रामाडॉल, तेही अफूच्या जातीचंच वेदनाशामक. दुकानावर अजून माणसं येतात, "पाठीसाठी द्या हो दोन पट्ट्या." २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. व्यसन काय फक्त रुळांवर लागत नाही.

शब्दांची_भाकरी | बुधवार, सकाळी ८:१२

मी समुपदेशक, व्यसनाच्याच क्षेत्रात चौदा वर्षं. मनोवैद्यांनी स्वीडनचा दाखला देऊन आमची दुकानं बंद केली, म्हणून थोडी तक्रार.

लोकांना वाटतं समुपदेशन म्हणजे "बाळा, असं करू नये". एवढंच असतं तर ते काम आत्यांनी केव्हाच केलं असतं. आम्ही काय करतो तर, माणसाबरोबर बसून त्याचा दिवस उलगडतो. तलफ कधी आली? त्याआधी पाच मिनिटं काय झालं? कोण भेटलं, कसला वास आला, खिशात किती पैसे होते? पगाराचा दिवस बहुतेकांचा घातवार. मग त्या दिवसाची आखणी करायची: पगार थेट बहिणीच्या खात्यात, संध्याकाळी ठरवून कुणाबरोबर तरी. तलफ ही लाटेसारखी असते, वीस-पंचवीस मिनिटांत ओसरते, ती वेळ कशी काढायची याचा सराव करतो. घरच्यांनाही बोलावतो. खिसे तपासणं कधी थांबवायचं आणि चांगल्या दिवसाला चांगलं म्हणायचं कसं, हे त्यांनाही शिकावं लागतं.

परदेशात एक गंमतशीर पद्धत आहे. तपासणी स्वच्छ आली की वाडग्यातून चिठ्ठी काढायची. बऱ्याच चिठ्ठ्यांवर नुसती शाबासकी, काहींवर छोटी बक्षिसं, एखादीवर मोठं. पोरकट वाटतं, पण चालतं. कोकेनसारख्या उत्तेजक द्रव्यांसाठी तर खास, कारण तिथे गोळी नाही.

टवाळ_टाळ | बुधवार, सकाळी ८:४०

हे आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवासारखं झालं. काही जणी फक्त वाडग्यासाठी येतात.

मनोवैद्य | बुधवार, दुपारी १:२५

@शब्दांची_भाकरी, दुकान बंद करायचा हेतू नव्हता, माझ्याच दवाखान्यात तुमच्या दोन सहकारी आहेत. :) पण प्रामाणिकपणे अजून एक सांगायला हवं, तुम्हाला आवडणार नाही.

२०११ साली अमेरिकेत वेदनाशामकांच्या व्यसनाच्या ६५३ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. गोळीवर असताना जवळजवळ निम्म्यांचं बरं चाललं होतं. गोळी उतरवून आठ आठवडे झाले तेव्हा बरं चाललेले शंभरात नऊसुद्धा नव्हते. अर्ध्यांना वेगळं समुपदेशन दिलं होतं, अर्ध्यांना नाही. आकड्यांत फरक पडला नाही.

म्हणून माझा नियम असा: समुपदेशनाला आला नाहीस तर गोळी बंद, अशी अट मी घालत नाही. गोळी ही बक्षीस नाही. इन्सुलिन द्यायच्या आधी आपण साखर सोडल्याचा पुरावा मागत नाही.

शब्दांची_भाकरी | बुधवार, दुपारी २:५०

अट नको, हे मान्य. पण त्या अभ्यासात ज्यांना 'वेगळं समुपदेशन नाही' म्हणता, ते दर आठवड्याला डॉक्टरांना भेटत होते की नाही? डॉक्टर गोळीविषयी, तलफेविषयी, आठवडा कसा गेला याविषयी विचारत होते. आपल्या सरकारी बाह्यरुग्ण विभागात एवढं बोलायला मिळालं तर रुग्ण पेढे वाटेल! म्हणजे बोलणं दोन्हीकडे होतंच, एकीकडे फक्त जास्त. आणि अभ्यासात काय मोजलं? औषध घेतलं का, लघवीत काय आलं. बायको परत नांदायला आली का, हे कुणी मोजलं?

मनोवैद्य | बुधवार, दुपारी ३:०५

बरोबर आहे. आठवड्याला भेट होती. हा मुद्दा मी दवाखान्यात हरतो तसाच इथेही हरतो.

खडूस_काका | बुधवार, संध्याकाळी ७:१८

इतकं वाचल्यावर एक प्रामाणिक प्रश्न. गोळी आयुष्यभर घ्यायची का? आणि न ऐकणाऱ्याला बांधून ठेवलं तर काय बिघडलं?

मनोवैद्य | बुधवार, संध्याकाळी ७:५५

काही जणांना वर्ष-दोन वर्षं, काहींना अनेक वर्षं. उतरवायची तर हळूहळू, महिन्यांच्या हिशोबाने, आणि आयुष्याची घडी बसल्यावर. लग्न ठरलं किंवा काका बोलले म्हणून नाही. मध्येच घसरला तर पुन्हा सुरू करायची, त्यात नामुष्की नाही.

बांधणं बेकायदा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळदंडांवर सरळ बंदी आहे आणि व्यसनमुक्ती केंद्रंही त्या कायद्याखाली येतात. केंद्र निवडताना नोंदणी दाखवा म्हणायचं. दाखवत नसतील तर उठून यायचं.

पांडुरंग_फार्मसी | बुधवार, रात्री ८:१०

नंबर लिहून ठेवा: व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट.

गोळीवाला | बुधवार, रात्री ९:३६

सगळे मोठमोठ्या गोष्टी बोलताहेत. मी धागा पुन्हा पहिल्यापासून वाचला. अबोलीताई, एक विचारू? डब्यात पोळ्या कशात गुंडाळून देता?

अबोली_७ | बुधवार, रात्री १०:०२

सगळ्यांचे आभार, एकेकाला सविस्तर उत्तर देते. पोळ्या? फॉइलमध्ये. का?

गोळीवाला | बुधवार, रात्री १०:०५

सुटलेल्या दादांची दुपारची पोस्ट बघा. चांदीचा कागद. मला पहिलं दीड वर्ष हॉटेलात कुणी फॉइलमधली तंदूर रोटी उलगडली की हाताला घाम यायचा. चुरचुर आवाज असतो ना तो.

सुटलेला_एकदाचा | बुधवार, रात्री १०:११

अरे देवा. मी स्वतः लिहिलं आणि माझ्या लक्षात आलं नाही. मला अजूनही बिस्किटाच्या पुड्यातला चंदेरी कागद घडी न घालता फेकावा लागतो.

न्यूजर्सीची_सून | गुरुवार, सकाळी ५:५०

अंगावर काटा आला. अबोली, काय झालं ते नक्की सांग.

अबोली_७ | रविवार, दुपारी ४:३०

उशिराबद्दल क्षमस्व.

गुरुवारी सकाळी आईला काही न सांगता मीच डबा भरला. पोळ्या मलमलच्या जुन्या फडक्यात. संध्याकाळी डबा रिकामा. फडकं धुऊन, पिळून, घडी घालून आत ठेवलेलं. मी काही बोलले नाही, तोही बोलला नाही. शुक्रवारीही रिकामा.

शनिवारी समुपदेशक बाईंकडे मीही गेले, त्यांनीच घरच्यांना बोलावलं होतं. तिथे तो पहिल्यांदा बोलला. रोज दुपारी फॉइल उलगडलं की नाकात तो वास यायचा, नसलेला. मग पोळ्या गेटबाहेरच्या कुत्र्याला टाकायचा, फॉइलसकट. एकदा फॉइल खिशात ठेवून घरी येताना जुन्या मित्राला फोनही लावला होता. तो उचलला गेला नाही. हे त्याने बाईंना तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं आणि दोघांनी मिळून ठरवलं होतं, की घरी त्यानेच बोलायचं. त्याच्याने होत नव्हतं. "आई पहाटे साडेपाचला उठून करते, तिला कसं सांगू की तुझ्या डब्याने मला तलफ येते?"

मी डॉक्टरांना विचारलं, गोळी असून तलफ कशी? ते म्हणाले, गोळीमुळेच तो फोन न उचलला गेल्यावर घरी आला. गोळी नसती तर दुसरा नंबर लावला असता.

काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग गोळीचं काम काय आणि बाईंचं काय ते एकदा नीट लिहून दे." हा धागाच पाठवलाय. जुन्या केंद्राचा नंबर ब्लॉक केला. आईला गोळीचं पटलं की नाही कोण जाणे, पण सकाळी आता ती भाताचं आधीच विचारते, गोळी तोंडात जायच्या आत.

एक_आई | रविवार, संध्याकाळी ५:०१

वाचलं. डोळे भरले. जेवतोय ना, बस.

खडूस_काका | रविवार, संध्याकाळी ६:१४

माझं मत पूर्ण बदललं असं समजू नका. पण त्या हार्डवेअरवाल्याकडे काल मुद्दाम गेलो. म्हटलं, त्या आठ दिवसांत सुटली का रे तुझी? हसला. म्हणाला, काका, त्यानंतर तीनदा सुरू झाली होती, तुम्हाला आठ दिवसच माहीत आहेत.

आणि ते फडकं काही कामाचं नाही. रसभाजी असली की तेल उतरतं, घडीला वास राहतो. पोळ्यांसाठी स्टीलचा वेगळा डबा घ्या.

अबोली_७ | रविवार, संध्याकाळी ६:२०

घेतला काका. कालच, येताना. त्यानेच निवडला, तीन पुडांचा.

टवाळ_टाळ | रविवार, संध्याकाळी ६:२२

पण रात्री भात लावू का?